गाडीच्या खोलीतला ओटा

ओटा बांधायचा तर आधी बाईला उभं करायचं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. शाळा चौथीत सोडली आणि वडलांच्या मागं पाट्या उचलायला लागलो. वडील गवंडी, मीही गवंडी. ते सांगायचे, मालक काय म्हणतो ते मागून ऐक, त्याच्या घरात रांधतं कोण ते आधी बघ. तिला भिंतीला पाठ लावून उभं राहायला सांग, हात कोपरात मोडू दे, कोपरापासून एक वीत खाली पेन्सिलीची खूण मार. तिथं कडप्पा बसवायचा. वर गेला तर बाईचे खांदे भरून येतात, खाली गेला तर कंबर जाते. नाशकात मी किती स्वयंपाकघरं बांधली त्याची मोजदाद नाही, पण ओटा उंच झाला किंवा बुटका झाला म्हणून मला कुणी परत बोलावलं नाही. माझ्याच तोंडानं सांगतोय म्हणून ते खोटं ठरत नाही.

राहतं घरही मीच बांधलं. मखमलाबाद रस्त्याला प्लॉट घेतला तेव्हा तिन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, आता बिल्डिंगी आहेत. खाली तेव्हा भाडेकरू ठेवले होते, म्हणून आमचं स्वयंपाकघर वर काढलं. पुढं भाडेकरू गेले, आम्ही म्हातारा-म्हातारी खालच्या दोन खोल्यांत उतरलो, मुलगा, सून आणि नात वर राहिले. चूल वरच राहिली. सकाळ-संध्याकाळ सगळे वर जेवायचे. घराच्या बाजूला गाडीची खोली होती. मुलानं पहिली गाडी घेतली तेव्हा मीच बांधलेली, लोखंडी शटरची. नंतर त्यानं मोठी गाडी घेतली, ती आत मावेना, ती रस्त्यावर उभी राहायला लागली. मग त्या खोलीत माझं सामान गेलं. थाप्या, ओळंबे, सेंट्रिंगच्या फळ्या, अर्धी अर्धी सिमेंटची पोती. घरात सगळे तिला गॅरेज म्हणायचे.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. माझ्या धाकट्या भावानं लग्नानंतर वर्षाच्या आत चूल वेगळी मांडली. त्या दिवसापासून मी त्याच्या घरचं पाणी प्यायलो नाही. तो गेला तेव्हा मातीला गेलो आणि परत आलो. चार माणसांत बसलो की सांगायचो, आमच्या घरात माणसं किती का असेनात, चूल एक हाय. बायको ऐकायची, मुलगा ऐकायचा. पुढं सूनही ऐकायला लागली.

दिवाळी उरकली आणि एक दिवस जेवताना मुलगा म्हणाला, "आबा, गॅरेज नुसतं अडगळीनं भरलंय. तिथं स्वयंपाकघर काढू."

"कशाला? वर हाय ना."

"हिला डबे चालू करायचेत. कॉलेजची पोरं आहेत, कंपनीतली माणसं आहेत. वरच्या किचनमध्ये एवढं नाही व्हायचं."

सून ताटात बघत होती. बायको मला भाजी वाढत होती. मी पुरे म्हटलं तरी तिनं आणखी एक पळी घातली.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सून हातपाय हलवते म्हणजे घर वर येतं. मुलगा म्हणाला, "गवंडी बघतो एखादा चांगला."

"का रे? तुझा बाप मेला काय?"

सगळे हसले. बायको जरा जास्तच हसली.

किती दिवसांनी थापी हातात धरली होती मी. गुडघे कुरकुरत होते, पण हात विसरले नव्हते. एक बिगारी लावला आणि आधी खोली रिकामी केली. माझं सामान गच्चीवर गेलं. गाडीच्या खोलीचं स्वयंपाकघर करणं दिसतं तेवढं सोपं नाही. गाडी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून जमिनीला रस्त्याकडं ढाळ दिलेला असतो, स्वयंपाकघराला तो चालत नाही. त्यात मधोमध ऑइल मुरलेलं. ऑइल प्यायलेल्या कोब्यावर सिमेंटचा माल धरत नाही, वरून फरशी बसवली तरी पावसाळ्यात पोकळ वाजायला लागते. म्हणून छिन्नी-हातोडा घेऊन मी चार दिवस तो काळा डाग खरवडत बसलो. बिगारी म्हणाला, "बाबा, वरून फरशीच टाकायचीय, कोण बघतंय?" मी म्हटलं, "मी बघतोय." मग जमीन उचलली, शाहबादी घातली, शटर काढून वीट लावली, मोरीचं पाणी मागच्या चेंबरला जोडलं.

बायको दिवसातून दोनदा चहा घेऊन यायची आणि पालथ्या घमेल्यावर बसायची.

"खिडकी रस्त्याकडं नको. तुळशीकडं ठेवा."

"बरं."

"देवाला कोनाडा काढा ना एक."

"डब्यावाल्यांना देव कशाला गं?"

"अन्न शिजतं तिथं देव नको का?"

काढला कोनाडा. माझ्या कामात तिनं एवढं लक्ष कधी घातलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारपणी हिला नवऱ्याच्या हातची किंमत कळली.

ओट्याची वेळ आली तेव्हा मी सुनेला हाक मारली. "सूनबाई, ये, भिंतीला उभी राहा."

ती हात पुसत आली, पण दारातच थांबली आणि सासूकडं बघायला लागली. बायको पुढं झाली. "तिला कामं हायेत. माझंच माप घ्या."

"तुझं कशाला? या वयात तू डबे करणार हायेस का?"

"हातभार तर लावीन."

"हातभार लावणाराचं माप घेत नसतात. सरक."

सून उभी राहिली. चांगली उंच आहे ती, कळवणकडची, शेतात वाढलेली. कोपर मोडलं, मी वीत लावली, खूण केली. चौतीस इंच. ती हळूच म्हणाली, "आबा, जरा खाली घ्या ना. आईंनाही कधी करावं लागेल."

"पोरी, खाली घेतला तर वर्षात कंबरेला पट्टा बांधून फिरशील. मग मला शिव्या घालशील."

त्याच दिवशी दुपारी मुलाचा कंपनीतून फोन आला. "आबा, ओटा तीसचा करा म्हणे."

"म्हणे? कोण म्हणे? तू मशीनवर असतोस तेव्हा कुठलं बटण दाबायचं ते मी येऊन सांगतो का?"

घरातली तिन्ही माणसं एकच गोष्ट सांगत होती. मी त्यावर घडीभर बसून विचार केला असता तरी पुरलं असतं. पण माझ्या डोक्यात एवढंच, की यांना कामातलं कळत नाही. चौतीसवर कडप्पा बसवला. सांधे असे भरले की नख जाणार नाही. वर पांढऱ्या टाइल लावल्या.

नव्या चुलीवर पहिल्यांदा दूध उतू घालतात. जी बाई तिथं रांधणार, तिनं पेटवायचं आणि दूध वर येईपर्यंत समोर उभं राहायचं. मी म्हटलं, लेकीला सासरहून बोलावू, दोन शेजारी बोलावू. मुलगा म्हणाला, "कशाला आबा, घरातल्या घरात करू." मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. काम माझं होतं, कुणी बघायला नसलं म्हणून काय झालं.

आत गेलो तर दोन बर्नरची शेगडी. मी म्हटलं, "एवढ्याशा शेगडीवर डबे होणार?"

"सध्या हीच," मुलगा म्हणाला.

फळीवर डबे लावलेले होते. ओळखीचे वाटले. बायकोचा पितळी मिसळणाचा डबा, तिच्या आईनं दिलेला, वरच्या घरात कितीतरी वर्षं कागदात गुंडाळून ठेवलेला. तो घासून पुसून पुढं ठेवला होता. मी तोही बघितला आणि काही समजलो नाही.

सुनेनं पातेलं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, "पेटव, सूनबाई." ती दोन पावलं मागं सरली. "आई, तुम्ही."

बायको पुढं गेली. ओट्यावरची शेगडी तिच्या छातीशी आली. फळीवरचं काही काढायचं असावं तसा हात वर करून तिनं काडी लावली. मला वाटलं, सुनेनं मान दिला सासूला. चांगलं वळण आहे. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडीवर फसफसलं. सगळ्यांनी हात जोडले. आणि मुलगा माझ्याकडं न बघता, शेगडीकडं बघत बोलला.

"आबा, आईला आता जिना चढवत नाही. आजपासून तुमचं दोघांचं इथंच. वरचं वर, खालचं खाली."

"आन् डबे?"

उतू गेलेलं दूध कडप्प्यावरून मोरीकडं वाहत होतं. ढाळ बरोबर होता. एक थेंब कुठं थांबला नाही.

"म्हंजे माझ्याच हातून मला वेगळं काढलंत."

"वेगळं काय त्यात आबा, एकाच घरात तर आहोत."

"चूल दोन झाल्या का नाय? झाल्या का नाय सांग!" मग मी सुनेकडं वळलो. "हे तुझं डोकं. चार महिन्यांपासून आबा, आबा करून माझ्याकडून विटा लावून घेतल्यास. माप देताना लाज नाय वाटली?"

सुनेच्या डोळ्यात पाणी आलं. तिनं सासूकडं बघितलं. बायको ओटा पुसत होती.

"तिला बोलू नका," मुलगा म्हणाला.

"मग कुणाला बोलू? भिंतीला? तीबी मीच बांधलीय."

त्या दिवशी मी वर जाऊन बसलो. म्हटलं, मी ज्या चुलीवर जेवत आलो तिथंच जेवणार, मला खाली कुणी काढू शकत नाही. सुनेनं मुकाट्यानं ताट वाढलं. दुसऱ्या दिवशीही वाढलं. माझं आणि तिचं बोलणं बंद. मी जिना चढायचो, जेवायचो, उतरायचो. बायकोला जिना चढवत नाही म्हणून हा सगळा घाट घातला, आणि चढत होतो मी.

खालून भाकरीचा वास यायचा. बायको हाक मारायची, "अहो, गरम भाकरी टाकलीय."

"कावळ्याला घाल."

"कावळ्यानं खाल्ली. तुमची उरलीय."

असे पंधरा-वीस दिवस गेले. रात्री तिच्या खांद्याला लावलेल्या बामचा वास यायचा. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

एक दिवस सकाळी तुळशीला पाणी घालत होतो. खिडकी तिकडंच, तिच्याच सांगण्यावरून ठेवलेली. आत ती पाटावर उभी राहून भाकरी थापत होती. भाकरी थापायची तर वरून जोर लावावा लागतो, हात छातीशी धरून ती थापली जात नाही. दर भाकरीला ती पाटावरून उतरायची, तवा बघायची, परत चढायची. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. मला राग आला होता, तो तसाच बाहेर पडला. खिडकीतून म्हटलं, "सुनेनं काढलं ना वेगळं? भोग आता."

ती पिठाच्या हातानं वळली. "सुनेनं नाय काढलं. मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"मला वेगळी चूल पाहिजे, असं पोराला मी सांगितलं. ती पोरगी नको म्हणत होती. म्हणाली, आबांना असं फसवायचं नको, सरळ विचारू. मीच दटावलं तिला. तुम्ही तिला बोललात त्या दिवशी, ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं."

मी म्हटलं, "तुला काय कमी होतं वर?"

"वर मला विचारून घ्यावं लागतं. तेल किती टाकू, डाळ कुठली लावू. ती वाईट नाय हो, पण घर तिचं हाय. तिच्या आधी तुमच्या आईला विचारत होते. मधी थोडी वर्षं मिळाली ती तुमच्या बिगाऱ्यांच्या भाकरी करण्यात गेली. चूल एक, चूल एक, चार लोकांत सांगत फिरलात. कधी काडी ओढलीत तिच्यात?"

"मला का नाय सांगितलं मग?"

"तुमच्या भावानं सांगितलं होतं की. मोकळ्या मनानं येऊन सांगितलं होतं बिचाऱ्यानं. काय केलंत त्याचं?"

तिनं तोंड फिरवलं आणि पुढची भाकरी घेतली. माझ्या हातातला तांब्या रिकामा झाला होता.

मुलगा खोटं बोलला याचं मला तेवढं लागलं नाही. मुलं बापाला फसवतात, मीही फसवलंय. पण ही घमेल्यावर बसून चहा पीत होती. मी ऑइलचा डाग खरवडत होतो, माझा घाम टिपटिप गळत होता, आणि ही बघत होती की आपला नवरा डबेवालीसाठी म्हणून आपलंच घर किती मन लावून बांधतोय. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. हे मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. पण नाही म्हणायचं तर मला म्हणू द्यायचं. मग भांडली असती, रुसली असती, माहेरी गेली असती. एवढी वर्षं एका घरात काढून माझ्या तोंडावर भांडण्याइतकाही तिला माझा भरवसा वाटला नाही, हे काही पचत नाही. अजून पचलेलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी मी चौकातून परत आलो तर अंगणात अनोळखी पिशवी. आतून छिन्नी आणि हातोडा डोकावत होते. गाडीच्या खोलीत एक गवंडी ओट्याखाली वाकून बघत होता. चाळिशीचा असेल. मला बघून म्हणाला, "काका, मावशींनी बोलावलंय. ओटा खाली घ्यायचाय. कुणी बांधला हो हा? बाईमाणसाला बघितलं तरी होतं का त्यानं? ओटा बांधलाय का गच्चीचा कठडा?"

"तो गवंडी तुझ्यासमोर उभा हाय."

त्यानं कानाला हात लावले. म्हणाला, "काम मात्र एक नंबर हाय काका. सांधा दिसत नाय."

"चहा पी आन् जा. माझ्या घरात दुसऱ्याची थापी लागणार नाय."

तो गेला. बायको दारात उभी होती. गवंड्याच्या बायकोनं बाहेरचा गवंडी आणला, ही बातमी संध्याकाळपर्यंत चौकात जाणार होती. तिलाही ते माहीत होतं. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.

"उभी राहा भिंतीला," मी म्हटलं.

"लवकर करा. डाळ भिजलीय माझी."

ती उभी राहिली. कोपर मोडलं. मी वीत लावली आणि हात तिथंच थांबला. वरचा ओटा बांधला तेव्हा मी माझ्या आईला उभं केलं होतं. आई अंगानं उंच होती. पुढं ती गेली, पण ओटा तसाच राहिला. बायको त्याच्यापुढं टाचा उचलून उभी राहत आली आणि ते कधी माझ्या डोळ्यात भरलं नाही. लोकांच्या बायकांची मापं घेत मी अख्खं नाशिक फिरलो.

"किती?" तिनं विचारलं.

"एकोणतीस."

दोन दिवस लागले. कडप्पा न मोडता उचलणं हेच मोठं काम. मी बसवताना जो सांधा पक्का केला होता तोच आता छिन्नीला दाद देईना. खालचे आधार पाच इंच कापले, कडप्पा परत बसवला, ढाळ पुन्हा पाण्यानं तपासला. टाइल आणि ओटा यांच्यात पाच इंचाची उघडी पट्टी राहिली. तसली टाइल दुकानात आता मिळेना. मी तिथं सिमेंट घोटून दिलं. पांढऱ्या भिंतीत ती राखाडी पट्टी आहे तशी आहे. येणारा-जाणारा विचारतो. बायको सांगते, "यांना विचारा."

काम झालं त्या संध्याकाळी तिनं ओट्यावर दोन्ही हात ठेवून बघितलं. पाट पायानं बाजूला सारला. चांगलं झालं म्हणाली नाही. चुकलं म्हणाली नाही. मीही दोन्ही म्हणालो नाही. हातपाय धुतले आणि जेवायला वर गेलो.

वर सून नातीचा अभ्यास घेत बसली होती. मला बघून दचकली. शेगडी बंद, ओटा पुसलेला, भांडी पालथी घातलेली. ती उठली आणि पदर सावरत म्हणाली, "आबा, आई म्हणाल्या, आजपासून तुम्ही खालीच जेवणार."

"कुणी ठरवलं?"

दूध उतू घातलं त्या दिवसानंतर तिच्याशी बोललेला माझा हा पहिला शब्द. परत सगळं ठरलं होतं आणि परत मला सोडून. खालून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, दमदार, न थांबता. मी भिंतीला टेकून बसलो. उठून खाली जावं असं वाटलं नाही असं नाही. पण बसलो.

सुनेनं घटकाभर वाट बघितली. मग डबा उघडून तांदूळ काढले, डाळ धुतली, कुकर लावला. नात माझ्याकडं आणि आईकडं आलटून पालटून बघत होती. शिट्टी झाली. सुनेनं गॅस बारीक केला, माझ्याकडं वळली आणि विचारलं,

"आबा, वरण घट्ट ठेवू का पातळ करू?"

"घट्ट," मी म्हटलं.